खंडेनवमीची सुट्टी आणि चोविसावा मेंदू

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पण मला नुसता डबा समजू नका, मी मेंदू मोजतो. त्याआधी सात वर्षं जामनेरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या पावत्या छापल्या. तिथली माझी कमाई : थपडा अगणित, शाबासकी शून्य.

मग शिंदखेड्याच्या सारिकाताईंनी मला घरी आणलं. त्या धुळ्याला डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचे एमआरआय तपासून आठवणींचा भाग किती आक्रसला, हे मोजणारं सॉफ्टवेअर त्यांनी माझ्यात बसवायला घेतलं. सॉफ्टवेअर कसलं, अधिक महिन्यातला जावईच! आधी जागा मागितली, मग परवाना, मग आणखी तीन फायली. एक दिली की दुसरीसाठी रुसायचं. चौथ्या दिवशी एकदाचं पाटावर बसलं.

एका मेंदूला मला वीस तास लागत. तेवीस झाले. चोविसावा नरडाण्याच्या एका आजोबांचा. दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी आकडे कॉलेजातल्या सरांपुढे ठेवायचे, नाहीतर ताईंचे सहा महिने वाया.

खंडेनवमीला दुपारी अठरा तास राबून मी शेवटच्या पायरीवर होतो. तेवढ्यात ताईंचे सासरे, अभिमन आबा, ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप पुजून माझ्याकडे आले. टिळा लावला, झेंडूची माळ नेमकी माझ्या पंख्यावर घातली आणि पिन उपसून वायर दोरखंडासारखी गुंडाळून ठेवली.

"आबा! हे काय केलं?" ताई किंचाळल्या.

"पूजाना दिन शे, पोरी. बठ्ठा अवजारले सुटी, मंग यानंच काय पाप? कालपाईन घुरघुर करी राह्यना बिचारा."

"अहो, दोन तासांत मेंदू झाला असता!"

"उद्या व्हई. मेंदू काय पयी जाई का?" मेंदू पळून जाणार नव्हता, एवढं मात्र खरं.

डोळे पुसत ताईंनी पुन्हा काम लावायला घेतलं आणि फाईलचं नाव पाहून थबकल्या. सॉफ्टवेअरसोबत सरावासाठी एक नमुन्याचा मेंदू येतो. घाईत तोच लावला होता!

"आबा, तुम्ही पिन काढली नसती, तर परमुलखातल्या कुणाचा तरी मेंदू मी नरडाण्याच्या आजोबांच्या नावावर खपवला असता!"

आबांची छाती फुगली. खुर्ची ओढून ते माझ्याशेजारीच बसले. "मंग चालू दे. मी आठेच बठस. वायरले कोनी हात लावा, ते मनासंगे गाठ शे."

दसऱ्याच्या सकाळी खरे आकडे आले. ताईंनी पहिलं सोनं आबांना दिलं. आबांनी त्यातलं एक पान माझ्या डोक्यावर ठेवलं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण पिन काढण्याआधी काम कुठवर आलंय ते विचारा आणि माळ पंख्यावर घालू नका. राग मात्र मला आला नाही. इतक्या वर्षांत मला 'बिचारा' म्हणणारे आबाच पहिले.