मागण्याआधी

माझे सासरे नरसिंगराव. घरात आणि बाजारात सगळे त्यांना अण्णा म्हणत. बेंगळूरला यशवंतपूरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. पायरी चढणाऱ्या गिऱ्हाईकाला काय हवंय, ते त्याने तोंड उघडायच्या आत त्यांना कळे. बाई आत येऊन नुसती मान वर करायची, की अण्णांनी इडलीपात्र खाली काढलेलं असायचं. अंदाज चुकला तरी बाई भिडेखातर तेच घेऊन जायची, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. पण सांगणार कोण?

हीच दुकानदारी ते माझ्या लेकीवर करत होते. शाल्मली साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. पाण्याकडे नजर गेली की पेला तिच्या तोंडाशी यायचा, दाराकडे गेली की अण्णा चपला घालून तयार. "शांत पोर आहे हो, गुणाची," असं नातेवाईक कौतुकाने म्हणत आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. मुलगा असता तर याच लोकांनी एव्हाना सगळं बेंगळूर पालथं घातलं असतं.

शेवटी मीच हट्टाने तिचे कान तपासून घेतले. कान उत्तम होते. तिथूनच आम्हाला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. वेणुगोपाल नावाचे तरुण गृहस्थ होते, स्वतः फार हळू बोलायचे. ते म्हणाले, हिला समजतं सगळं, बोलणं मागे पडलंय. कारण एकच असेल असं नाही, पण घरात बोलायची गरज तरी पडू द्या. दूध द्यायचं तर पेला हातात धरा, तिच्याकडे पाहा, 'दूध हवं?' म्हणा आणि थांबा. हूं की चूं, काहीही आलं की लगेच द्या. उपाशी ठेवायचं नाही, छळायचं नाही. फक्त आपण घाई करायची नाही.

ऐकायला सोपं होतं. मी पेला धरून थांबायची, आणि मागून अण्णांचा हात पुढे यायचा. सासूबाई पदराने डोळे टिपायच्या. माझा नवरा पद्मनाभ वर्तमानपत्राच्या आड जायचा. असे कित्येक महिने गेले. मग एका शनिवारी वेणुगोपालांनी मला बाजूला घेतलं आणि त्यांच्या त्या हळू आवाजातच सांगितलं, "एक जण थांबतो आणि बाकीचे देऊन मोकळे होतात, असंच चालणार असेल तर इथे येऊन फार उपयोग नाही. आणि ही वर्षं परत मिळत नाहीत." जूनमध्ये तिला शाळेत घालायचं होतं. तहान लागली तर तिथे ती कुणाला सांगणार होती? मला तिच्या तोंडून एक शब्द हवा होता. कुठलाही.

मी तिला घेऊन तडक दुकानात गेले आणि अण्णांसमोर उभी राहिले.

"तुम्ही तिचं वाटोळं करताय," मी म्हटलं. सुनेने सासऱ्याशी असं बोलू नये, ठाऊक आहे मला.

"पोरीला मागायला लावायचं ही तुझ्या माहेरची, पुण्याची रीत असेल," अण्णा तराजू पुसत म्हणाले. "माझ्या घरात ती भीक मागणार नाही."

"भीक कुठली, अण्णा? हक्काने मागू दे ना तिला!"

"सरी, सरी, कळलं. स्वल्प हळू बोल. गिऱ्हाईक येईल."

आमची अशी जुंपली होती, आणि पोर त्यांच्याजवळ आहे असं मला वाटत होतं, माझ्याजवळ आहे असं त्यांना. भानावर आलो तेव्हा ती कुणाजवळच नव्हती.

माळ्यापर्यंत दुकान शोधलं. मग रस्त्यावर धावलो. दुपारची वेळ. लॉऱ्या, पोत्यांच्या हातगाड्या, हमालांची आरडाओरड, आणि हाकेच्या अंतरावर रेल्वे स्टेशन. "शाल्मली!" मी ओरडत होते आणि ओरडताना मला कळत होतं की याचा काही उपयोग नाही. ओ देणार कोण? कुणी विचारलं तर नाव सांगायची नाही, बापाचं सांगायची नाही. कुणी बखोटीला धरून गाडीत घातलं तरी तोंडातून आवाज निघायचा नाही. अण्णा धोतर वर खोचून पलीकडच्या गल्लीत जाऊन आले, परत स्टेशनच्या बाजूला गेले, परत आले. प्रत्येक वेळी हाका मारत होते. एवढा मोठा माणूस, आवाज पार चिरकला होता.

आमच्या दुकानाला लागूनच शिवाप्पाचं दोरखंडांचं दुकान होतं. तो शटर ओढून घरी जेवायला गेला होता. तो परत आला, आमची अवस्था पाहून त्याने आधी विचारलं काय झालं, आणि मग त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने धाडकन शटर वर केलं.

आत काथ्याच्या भेंडोळ्यावर शाल्मली बसली होती. डोळे कोरडे. अण्णांना पाहिल्यावर तिने उचलून घ्या म्हणून दोन्ही हात वर केले.

ती आत शिरलेली दिसलीच नाही म्हणून शिवाप्पा कानडीत हात जोडून माफी मागत राहिला. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मी तिला छातीशी धरून रडत सुटले. अण्णा तिथेच पायरीवर बसले.

"आपण इथूनच जात होतो," ते म्हणाले. "किती वेळा गेलो. तिला ऐकू येत असणार."

"येत होतं."

"मग रडली का नाही गं? दार तरी वाजवायचं."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि त्या घडीलाही मी ते गिळलं नाही. "तुम्ही येणार, याची तिला खात्री होती, अण्णा. न मागता येताच की तुम्ही."

अण्णा उठले, दुकानात गेले. थोड्या वेळाने नेहमीप्रमाणे समोरच्या हॉटेलातून तिच्यासाठी गरम बदाम दूध आलं. अण्णांनी पेला घेतला, तिला गल्ल्याशेजारी बसवलं, समोर उकिडवे बसले. आणि थांबले.

"दूध हवं?"

शाल्मलीने तोंड पुढे केलं. पेला आला नाही. तिने अण्णांकडे पाहिलं. पायरीवर दोन बायका आल्या होत्या, त्यांना अण्णा मागे न बघताच म्हणाले, "स्वल्प थांबा अम्मा." जन्मात गिऱ्हाईकाला कधी थांबवलं नव्हतं या माणसाने.

तिचा खालचा ओठ बाहेर आला. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मला राहवेना. सकाळपासून उपाशी पोर, एवढा वेळ अंधारात कोंडलेली, आज पुरे झालं असं वाटून मीच हात पुढे केला. मी!

"थांब," अण्णा म्हणाले. "तूच सांगितलंस ना?"

मी हात मागे घेतला. दुधावर साय धरायला लागली. अण्णांनी पुन्हा विचारलं, पुन्हा थांबले. त्या दोन बायकाही थांबल्या होत्या. शाल्मलीचा चेहरा लालबुंद झाला, तिने श्वास घेतला, आणि हाताने पेला ढकलला.

"नको!"

'को' जरा बोबडा होता, पण शब्द लख्ख होता. दूध अण्णांच्या धोतरावर सांडलं. मी तोंडावर हात दाबून धरला.

"नको?" अण्णांचा विश्वास बसेना. ती बसायला लागल्यापासून तेच दूध ते तिला पाजत होते.

"नको," ती म्हणाली. आधीपेक्षा मोठ्याने.

अण्णांनी पेला खाली ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. दुकानाचे मालक झाल्यापासून त्यांनी कधीच कुणाला न विचारलेला प्रश्न त्यांनी तिला विचारला.

"मग काय हवं गं, बाळ?"

आणि ते वाट पाहत बसले.