हातचा न शिकवणारा टॅब

मित्रांनो, मी स्वतःला जुना म्हटलं तर हसू नका. चारच वर्षांचा टॅब आहे मी, पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि पाठीवर शाळेचा शिक्का आहे. खोक्यातून निघालो तेव्हा माझा काय तोरा होता! माझ्या पोटात गणिताचं अ‍ॅप होतं. उत्तर बरोबर आलं की तारा, चुकलं की 'टुंई'. मुलं माझ्यावर तुटून पडायची.

त्यातलीच एक तिसरीतली मुलगी. एका जागी बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. माझी खोड तिला लगेच कळली. प्रत्येक गणिताखाली चार उत्तरं असत. ती ओळीने दाबत सुटायची. टुंई, टुंई, तारा! उत्तर कितव्यांदा बरोबर आलं, हे मी मोजतच नव्हतो. बघता बघता तिचे तीनशे तारे झाले. ज्यांचे तारे जास्त, त्यांना बाईंच्या फळ्यावरच्या गणितातून सुट्टी मिळायची. पालकसभेत तिच्या बाबांनी माझा पडदा तीनदा पाहिला. मला आतून धाकधूक वाटायची, पण कौतुक कुणाला कडू लागतं?

यंदा तपासणीसाठी एक ताई आल्या. अ‍ॅपने मुलं खरंच शिकतात का, हे त्यांना पाहायचं होतं. निकाल चांगला लागला तर फळ्यावरचा तास सगळ्यांसाठीच बंद होऊन मुलं माझ्याच भरवशावर राहणार होती, वाईट लागला तर मी कपाटात. इकडे आड, तिकडे विहीर. मला धडकीच भरली.

ताईंनी मला पालथं ठेवलं आणि कागदावर सत्तेचाळीस अधिक अडतीस अशी बेरीज मांडली. भिंगरीने झटक्यात उत्तर लिहिलं, सातशे पंधरा.

"अगं, हातचा कुठे गेला?" ताईंनी विचारलं.

भिंगरीने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "माझ्या हातात काहीच नव्हतं ताई. आईशप्पथ!"

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "चुकलं माझं," त्या हळूच म्हणाल्या. "तारे बघून हिला मी फळ्यापाशी बोलावलंच नाही."

भिंगरीचे डोळे भरून आले. "मग मला एवढे तारे कुणी दिले?"

मी दिले होते, मित्रांनो. टेबलावर पालथा पडून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अजून निकाल लागलेला नाही. कपाटात गेलो तरी चालेल, असं म्हणायला मी काही संत नाही. मला भीती वाटते. पण एक विनंती आहे. कुणी माझे तारे दाखवू लागलं, तर मला पालथं ठेवा, कागद-पेन्सिल पुढे करा आणि प्रेमाने विचारा, "हे कसं केलंस, सांग बरं?" भिंगरीला तीनशे तारे होईपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं.