चौदा मिनिटं आधीचा चहा

मी सुमतीताईंच्या व्रतांची वही बोलतेय. दोनशे पानी, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. माझे कागद कुठे आखले ते मला ठाऊक नाही, पण मधोमध शिवलं तेव्हाची सुईची कळ अजून आठवते. ठाणे स्टेशनाजवळच्या दुकानातून ताईंनी मला घेतलं, कोपरीच्या घरी आणलं, पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं आणि कुंकवाचं बोट टेकवलं. एवढा मान किती वह्यांना मिळतो?

तेव्हापासून मी देवघराखालच्या कप्प्यात, वातींच्या डब्याशेजारी राहते. संकष्टीला चंद्र किती वाजता दिसला, हरतालिकेला कोण कोण आलं, सोळा सोमवार कोणासाठी धरले, सगळं माझ्यात आहे. ताईंच्या बोटांना तुपाचा वास असतो, म्हणून माझ्या कोपऱ्यांनाही आहे.

माणसं देवाकडे स्वतःसाठी मागताना लाजतात आणि दुसऱ्यासाठी अगदी हट्टाने मागतात, हे मी पानोपानी पाहिलंय. पण ताईंनी एकदा चक्क यानासाठी मागितलं.

आधीचं यान चंद्राच्या उंबऱ्याशी जाऊन हरवलं, तेव्हा ताई रडल्या होत्या. चार वर्षांनी दुसरं निघालं, त्या दिवशी त्यांनी लिहिलं : 'यान सुखरूप टेकेपर्यंत चहा बंद.'

त्यांचे यजमान त्र्यंबकराव म्हणाले, "अगं, शास्त्रज्ञ आहेत ना काळजी घ्यायला! तुझा चहा बंद म्हणजे संकट माझ्यावर."

"त्यांच्या आयांनीही काहीतरी धरलं असेल. त्यात माझं एक."

चाळीस दिवस गेले. सकाळी त्यांचं डोकं ठणकायचं. कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या आणि नवऱ्याचा चहा गाळताना मान दुसरीकडे वळवायच्या.

तो दिवस श्रावणातला बुधवार होता, बुध-बृहस्पतींच्या पूजेचा. त्र्यंबकराव खडवलीला मित्राकडे गेले होते. ताई स्वयंपाकघरात असताना शेजारच्या विमलाबाईंनी दारातून हाक मारली, "अगो सुमती, टेकला बघ! चारय पाय टेकले!"

ताई धावल्या. विमलाबाईंच्या टीव्हीवर खरंच यान उतरत होतं. चार पाय, उडणारी धूळ, सगळं दिसलं. ताईंनी हात जोडले, घरी येऊन मला उघडलं आणि लिहिलं : '५.५०. यान टेकले. डोळ्यांनी पाहिले. व्रत पूर्ण. चहा घेतला.' चहाचा एक थेंब माझ्यावर सांडला. त्याचा डाग आहे अजून.

सहा वाजून गेल्यावर कोपरीत फटाके वाजले. ताई हसल्या, "आता कुठे कळलं यांना!"

दुसऱ्या दिवशीची दोन वर्तमानपत्रं त्र्यंबकरावांनी वाचून जपून ठेवली. ताईंनी बातमी वाचली नाही, यानाच्या चित्राला हळदकुंकू लावलं.

यंदा ताईंच्या बहिणीची, हेमाची, मुलगी अंतरा डोंबिवलीहून राहायला आली. नववीत आहे. अंतराळ दिनाच्या प्रदर्शनासाठी तिला एक प्रकल्प मिळाला होता : यान उतरण्याच्या वेगवेगळ्या लेखी नोंदी ताडून पाहायच्या. त्र्यंबककाकांकडून तिने ते जपलेले पेपर घेतले, नेटवरून अंतराळ संस्थेचं निवेदन काढून आणलं, आणि ताईंनी कौतुकाने मला पुढे केलं. "घरची पण एक नोंद लाव गं."

आम्हा सगळ्यांना तिने जमिनीवर ओळीने मांडलं. एवढे थोर कागद मी पहिल्यांदाच पाहत होते. निवेदन फार कमी बोलायचं. वेळ, जागा, संपलं. एका पेपरात देशाने श्वास रोखला होता. दुसऱ्यात टाळ्या आणि अश्रू होते. वेळ मात्र सगळ्यांची एकच, ६.०४.

"मावशी, सीरियसली? तुझ्या वहीत यान चौदा मिनिटं आधीच पोचलंय!"

त्र्यंबकराव खळखळून हसले. "तुझ्या मावशीला चहाची तल्लफ आली असणार."

"मी डोळ्यांनी पाहिलं होतं," ताई म्हणाल्या.

अंतराने पेपरातलं कुंकू लावलेलं चित्र जवळ घेतलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं : कल्पनाचित्र. "तिथे शूटिंग करायला कोण होतं गं? उतरायच्या आधी टीव्हीवाले असंच कॉम्प्युटरवर केलेलं दाखवत होते. विमलाआजींनी तेच पाहिलं. तू कुंकूसुद्धा कल्पनाचित्राला लावलंस!"

"देवाचं तरी चित्र कोणी समोर बसवून काढलंय?" त्र्यंबकराव म्हणाले. आता ते हसत नव्हते, कारण ताईंचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे यान अजून वर होतं आणि मी चहा प्यायले," ताई हळूच म्हणाल्या. "घेतला वसा मी टाकला."

दुपारी सगळे पडल्यावर ताई मला घेऊन खिडकीशी बसल्या. ते पान त्यांनी चिमटीत धरलं आणि ओढलं. माझा दोरा करकरला. आम्हा वह्यांचं एक असतं, एक पान फाडलं की त्याचं पलीकडचं जोडपानही सुटतं. त्या पानाच्या जोडीला होतं, 'अंतराचा ताप आज उतरला. जिवतीचा शुक्रवार पावला.' मी ओरडणार तरी कशी?

"मावशी, काय करतेस? ती माझी नोंद आहे!" अंतरा पाणी प्यायला उठली होती.

"खोटी आहे गं ती. शाळेत सगळे हसतील. आणि देवाला काय तोंड दाखवू?"

"खोटी नाही, चुकलेली आहे. तू मुद्दाम थोडंच लिहिलंस?" अंतरा तिच्याजवळ बसली. "आणि हे फाडलंस तर तू चाळीस दिवस चहा सोडला होतास, हे कुठे राहील? निवेदनात आहे का ते? पेपरात आहे?"

ताईंनी चहाच्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "खोडून सहा-चार करू?"

"नको ना. मग ते आज लिहिलेलं होईल."

ताई उठल्या, हात-पाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं आणि कान धरून क्षमा मागितली. मग त्याच नोंदीखाली आजची तारीख घालून लिहिलं : 'वरील वेळ चुकली. यान ६.०४ ला टेकले. मी पाहिले ते चित्र होते. चहा चौदा मिनिटे आधी झाला. चूक माझी, यश त्यांचे. सौ. सुमती.' सही त्यांनी माझ्यात पहिल्यांदाच केली.

"ने आता शाळेत," त्या म्हणाल्या. "हसले तर हसू देत."

आज मी डोंबिवलीत, शाळेच्या वर्गातल्या टेबलावर आहे. एका बाजूला संस्थेचं निवेदन, दुसऱ्या बाजूला ते दोन पेपर. त्यांच्या रांगेत बसायची माझी योग्यता नाही, पण अंतराने मला मधोमध ठेवलंय. दोरा जरा सैल झालाय. मुलं येतात, वरची ओळ वाचतात, एकमेकांना कोपराने ढोसतात आणि पुढे जातात.

तुम्हीही या, बाळांनो. हसा, मला राग नाही. फक्त एवढं करा, पान सांभाळून धरा, आणि खालच्या चार ओळी वाचल्याशिवाय पुढच्या टेबलाकडे जाऊ नका. ताई अजून आत आलेल्या नाहीत. दाराशी उभ्या आहेत, तुमच्याकडे बघत.