स्वच्छ बाटल्यांतले उपाशी जंतू

चार महिने झाले, माझे जंतू वाढेनात. एक-दोन बाटल्यांतले नव्हे, झाडून सगळ्यांतले. सकाळी बाटली उजेडात धरायची, आतलं पाणी गढूळ झालंय का म्हणून डोळे फाडून बघायचं आणि ते नितळ दिसलं की कपाळावर हात मारून घ्यायचा, एवढंच माझं काम उरलं होतं.

हे जंतू मिथेन खातात. कचरा डेपोशेजारच्या दलदलीत गुडघाभर चिखलात उभी राहून मीच ते आणले होते. कचऱ्यातून निघणारा हा वायू हवेत जायच्या आत त्यांनी फस्त करावा, हा माझ्या प्रबंधाचा विषय. तीन वर्षं त्यांनी मुकाट्याने खाल्लं. प्रबंध लिहायची वेळ आली आणि त्यांनी तोंड मिटलं.

"तुझ्या हाताला शिस्त नाही," सर म्हणाले. आमच्या या प्रयोगशाळाप्रमुखांना स्वच्छतेचं इतकं वेड, की पाठीमागे आम्ही त्यांना शुद्धानंद म्हणायचो. "आता बाटल्या नव्या आहेत, पाणी दोनदा शुद्ध केलेलं आहे, धुण्याचं यंत्र आहे. राहिलं काय? तू!"

मी पाणी बदललं, क्षार बदलले, वायूची टाकी बदलली. गोठवून ठेवलेले जुने जंतू काढले. ते दोन-तीन बाटल्यांपर्यंत कसेबसे तगायचे आणि पुढच्या बाटलीत ढिम्म. आईचा रोज दुपारी फोन. "जेवले का गं तुझे जंतू?" सुरुवातीला मी हसायचे. नंतर नंतर फोनच उचलेनाशी झाले.

शेवटी एका मंगळवारी नव्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही संपल्या. वैतागून मी कपाटाच्या मागच्या बाजूला पडलेली एक जुनी काचेची बाटली ओढून काढली, वाफेने निर्जंतुक केली, नेहमीचं पाणी भरलं, जंतू घातले, वायू सोडला आणि विसरून गेले. सोमवारी बघते तर बाटली ताकासारखी गढूळ. भलतंच काही वाढलं असेल म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माझेच जंतू, आणि गुटगुटीत!

आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. पाणी तेच, क्षार तेच, वायू तोच आणि हात, ज्याला शिस्त नव्हती, तोही तोच. फरक फक्त बाटलीचा. आणि ती बाटली धुतली होती मावशींनी.

मावशी अकरा वर्षं आमच्याकडे काचसामान धुवायच्या. चार महिन्यांपूर्वी त्यांची बदली तळमजल्यावर, जुन्या फायलींच्या खोलीत झाली होती. ती कुणाच्या तक्रारीवरून, हे सांगायला मला आजही जड जातं. एका बाटलीच्या तळाशी मला गुलाबीसर साय दिसली आणि मी ती सरांना दाखवली. सरांना तेवढंच पुरे होतं. दुसऱ्या आठवड्यात यंत्र आलं, काचेच्या बाटल्या भंगारात गेल्या आणि मावशी खाली.

मी जिना उतरून गेले. मावशी टेबलाशी बसून फायलींना दोरी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, तुम्ही बाटल्या कशाने घासायचात?"

"का? अजून काही तक्रार राहिलीय?"

"नाही हो. माझे जंतू फक्त तुम्ही घासलेल्या बाटलीत वाढले."

आता त्यांनी वर पाहिलं. "चार महिने झाले मला इथे बसून. एकदा विचारलंत? तेव्हा विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. आमचे हे आरशांच्या कारखान्यात काच घासतात. त्यांच्याकडची पावडर. तुमच्या बाटल्या जुन्या, ओरखडलेल्या, साबणाने घासल्या तरी धुरकटच राहायच्या. सर ओरडायचे. मग मी ती लावायची, लख्ख व्हायच्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आणला. माझ्यापुढे आपटला म्हटलं तरी चालेल. आत गुलाबीसर पूड, मी तक्रार केलेल्या त्या सायीच्याच रंगाची. झाकणावर लिहिलं होतं: सिरियम ऑक्साइड.

ते वाचून मी तशीच ग्रंथालयात गेले. दोन तासांत सापडलं. मिथेन पचवताना त्याचं आधी मिथेनॉल होतं, आणि ते पुढे ढकलणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, मधोमध एक धातू लागतो. काही जंतूंचं कॅल्शियमवर भागतं. काहींना मात्र सिरियम किंवा लँथेनमच हवं असतं, दुर्मिळ मृदा धातू म्हणतात त्यातलं. नावाला दुर्मिळ, सिरियम जमिनीत जवळपास तांब्याइतकंच असतं. दलदलीच्या चिखलात ते होतं, मावशींच्या बाटल्यांच्या ओरखड्यांत होतं. नव्हतं ते फक्त आमच्या शुद्ध पाण्यात.

रसायन विभागातून सिरियमचा शुद्ध क्षार मागून आणला. बारा नवीन बाटल्या लावल्या. सहांत त्याचा अगदी किंचित अंश, सहांत काहीच नाही. पाचव्या दिवशी सहा गढूळ, सहा नितळ.

सरांना त्या दाखवल्या. त्यांनी एक गढूळ बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "म्हणजे बाटल्या अस्वच्छच होत्या तर."

माझा तोल गेला. "सर, त्या अस्वच्छ बाटल्यांवर माझे तीन वर्षांचे आकडे उभे आहेत! मी तक्रार केली ती चूक माझी, पण तुम्ही तरी मावशींना एक प्रश्न विचारायचा होता."

संध्याकाळी ते माझ्याबरोबर तळमजल्यावर आले. मी मावशींची माफी मागितली, सरांच्या देखत. सर म्हणाले, "तुम्ही परत वर या. यंत्र बंद करू."

मावशींनी फायलीची गाठ मारली. "नको साहेब. अकरा वर्षं हात पाण्यात होते. इथे हात कोरडे राहतात, खुर्ची आहे, खिडकी आहे. डबा ठेवून घ्या हवं तर. पण परत नाही येणार मी."

सर माझ्याकडे बघू लागले, जणू आता मीच मावशींची समजूत काढणार होते. मी नकारार्थी मान हलवली आणि मावशींच्या समोरच्या स्टुलावर बसले. प्रबंधात आभार कुणाचे मानायचे ते मला ठाऊक होतं. त्यांचं पूर्ण नाव मात्र इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ते आता विचारलं.

"लिहून घ्या," मावशी म्हणाल्या, "आणि या वेळी घाई करू नका."