खुर्चीशेजारचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला घडवले. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, स्टुलाचे काय असायचे! पण मी मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गात होते, आणि तिथे माझ्यावाचून बाईंचे पान हलत नसे.

बाई फळ्यापुढे खुर्ची मांडत. मला थोडे अलीकडे ठेवून म्हणत, "नियर." मग अगदी शेजारी सरकवून, "नेक्स्ट टू." खुर्चीला टेकवले की, "अगेन्स्ट." नुसते अर्थ पाठ करून भागत नाही, हे त्यांचे ठाम मत. म्हणून एकाने हुकूम सोडायचा, "पुट द स्टूल नेक्स्ट टू द चेअर," आणि दुसऱ्याने मला उचलून तिथे ठेवायचे. दिवसभर माझी अशी वरात चाले.

वर्गात शिवणकाम करणाऱ्या एक काकू येत. त्यांची एकुलती लेक परदेशातल्या दवाखान्यात अंथरुणाला खिळली होती. व्हिसा मिळाला की जायचे आणि नर्सला सांगायचे, मला पोरीजवळ बसू द्या. एवढ्या एका वाक्यासाठी त्या इंग्रजीशी झुंजत होत्या.

"काकू, स्टूलच न्या विमानात!" वर्गातले ड्रायव्हरदादा चिडवायचे.

"नेते की. तुमच्यापेक्षा तेच बरं, सांगितलेलं ऐकतं तरी!"

पण व्हिसा नाकारला गेला. काकू तरीही वर्गाला आल्या आणि माझ्यावर बसून राहिल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर अनोळखी नर्स. मागे खाटेवर लेक, डोळे मिटलेली. नर्स हळुवार काहीतरी सांगत होती. काकूंना त्यातले अक्षरही उमगेना. पाठ केलेले वाक्य कुठल्या कुठे उडाले. बाई मदतीला उठल्या. पण त्याआधीच काकूंच्या तोंडून रोजचा हुकूम निघाला,

"पुट मी... नेक्स्ट टू हर."

म्हणजे, मला तिच्या शेजारी ठेवा! एरवी माझ्यासाठी म्हणायचे ते त्या माउलीने स्वतःसाठी म्हटले. कोणी हसले नाही. नर्सने हातातला फोन लेकीच्या उशीवर, गालाला टेकवून ठेवला.

"आले गं बाळा, आले मी," काकू म्हणाल्या, आणि आपल्या भाषेत बोलत राहिल्या. तिकडचा श्वास थांबला तरी बोलतच राहिल्या.

पुढे काकू आल्या नाहीत. वर्गही बंद पडला. आता मी जिन्याखाली, अंगावर रंगाचे डबे घेऊन उभे आहे.

मित्रांनो, देव सगळ्यांजवळ असतो, यावर माझी श्रद्धा आहे. पण खाटेशेजारची जागा त्याने माणसांसाठीच राखून ठेवली असावी. तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर हे डबे उतरवा, मला तिथे न्या आणि बसा. काही बोलायला सुचले नाही, तरी उठू नका.