सतरावं घर

“काकू, सही,” पोस्टमननं पाकीट पुढे केलं. “पुन्हा परदेशातलं. तुमच्याकडे कुणी राजदूत राहतो का हो?”

“राजदूत कसला, एक हट्टी माणूस राहतो,” म्हणत मी सही केली आणि आत हाक मारली, “अहो, विसावं आलं! उघडू?”

“नाही,” आतून उत्तर आलं. “एकविसावं येऊ दे.”

ते पाकीट कपाटातल्या एकोणीस पाकिटांवर आपटावंसं वाटलं मला. ठेवलं मात्र हळूच. ह्यांची नजर दिवसागणिक कमी होत होती, आणि जे बघायचं ते सगळं कुलपात होतं. चीड येणार नाही तर काय!

हे चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे, छत्तीस वर्षं. दिवसभर काचा आणि संध्याकाळी पोस्टाची तिकिटं. गावातल्या तिकीट संग्राहक मंडळाचे हे सचिव, केस कापायचं दुकान चालवणारे ते अध्यक्ष, आणि सभासद उरलेले तिघं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे मला म्हणाले होते, “माझं एकच स्वप्न आहे, एक पूर्ण ताव.” मला वाटलं, नवरा खवय्या दिसतो. दोन भाज्या जास्त केल्या. मग कळलं, ताव जेवणावर मारायचा नव्हता. तो तिकिटांचा होता, चोवीस तिकिटांचा एक अखंड छापील कागद.

फार जुनी निळी तिकिटं ती. छापायच्या पत्र्याला तडा गेला होता आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत थोडे ताव छापून गेले. तिकिटं सुटी झाली, जगभर पांगली. प्रत्येकावर त्या तड्याचा केसाएवढा तुकडा. ते तुकडे शोधून ताव पुन्हा जुळवायचा, असं ह्यांनी डोक्यात घेतलं. मांडीवर शब्दकोश घेऊन देशोदेशीच्या मंडळांना पत्रं लिहिली. ती मंडळं आपापल्या सभासदांच्या वह्या धुंडाळायची, तड्याचं तिकीट मिळालं की त्याचा मोठा फोटो पाठवायची. मग हे भिंग लावून सांगायचे, हे नववं घर, हे विसावं. तिकिटाच्या जागेला हे ‘घर’च म्हणायचे. त्यातल्या दोन देशांची सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, तेव्हासुद्धा तिथली मंडळं ह्यांच्यामार्फत विचारायची, आमच्या शेजारचं घर सापडलं का हो? असं करत करत तेवीस घरं लागली. दोन आमच्या मंडळाची, एकवीस आठ देशांतली. सतरावं तेवढं कुठेच नव्हतं.

आणि डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग जातोय, थांबवता येणार नाही. लोकांना दिसावं म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. ह्यांनी सगळ्या मंडळांना कळवलं की आता हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या.

महिन्याभरात उत्तरं आली. हे एकेका पत्राचा अर्थ मला सांगत गेले. आठही मंडळांनी ठराव केला होता. तिकिटं पाठवतो, खरी. एकदा पूर्ण ताव तुमच्या डोळ्यांनी बघा आणि परत करा.

माझ्या अंगावर काटा आला. अहो, ही माणसं आपलं तिकीट सख्ख्या भावाच्या हातात देत नाहीत! माझा तर चौतीस वर्षांत तिकिटं उचलायच्या चिमट्यालाही हात लागू दिला नव्हता ह्यांनी. आणि ज्यांनी ह्यांचं तोंडही पाहिलेलं नाही, ते सातासमुद्रापलीकडून विश्वासानं पाठवत होते.

“दिसतंय तोवर एकेक बघून घ्या ना,” मी रोज म्हणायचे.

“एकेक फोटोत बघितलंय. मला ताव बघायचाय. तुकडे नकोत.”

“डोळे थांबणार आहेत का तुमच्या तावासाठी?”

“थांबतील.”

नाही थांबले. एकविसावं पाकीट कस्टममध्ये दोन महिने अडकलं. ते आलं तोवर ह्यांना समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, फक्त कान दिसायचे.

माझ्या कापड बेतायच्या टेबलावर काच ठेवली. अध्यक्ष तीनदा हात धुऊन बसले. मी पाकीट फोडायचं, त्यावरचा घराचा आकडा वाचायचा आणि त्यांनी चिमट्यानं तिकीट काचेवर मांडायचं. शेवटचं तिकीट ठेवलं. काही तरी टोमणा मारणार होते मी, तो विसरूनच गेले. तिकिटांचे दात दातांत बसले होते. एका देशातून निघालेली रेघ दुसऱ्या देशात शिरत होती, तिसऱ्यात तिला फाटा फुटत होता. माझ्या टेबलावर, जिथे काल मी परकर बेतला होता, तिथे नऊ देश खांद्याला खांदा लावून बसले होते. देवा रे, केवढं हे!

“रेघ सलग आहे?” ह्यांनी विचारलं. मान वाकडी करून, डोळ्यांच्या कडेनं बघत होते. “मला नुसतं निळं दिसतंय.”

रेघ सलग नव्हती. खिशाची रेघ सदऱ्याच्या रेघेला जुळवण्यात माझा जन्म गेलाय. वरच्या फाट्यात ती दोन घरांपाशी सुतभर घसरली होती. अध्यक्षांनाही दिसलं. त्यांनी मला हातानं खुणावलं, जाऊ द्या वहिनी. मलाही वाटलं, एक ‘हो’ म्हणायला काय जातंय? पण ह्या माणसानं एक रेघ जुळवण्यात डोळे खर्ची घातले होते. त्याला खोटं सांगायला जीभ वळेना.

“अकरा आणि बारा,” मी म्हटलं. “अदलाबदल झालीय.”

ह्यांचा चेहरा उतरला. “अठरा वर्षं! अठरा वर्षं दोन मंडळांच्या वह्यांत चुकीचा आकडा आहे, माझ्यामुळे.” मग अध्यक्षांच्या हातातला चिमटा चाचपडत घेतला आणि माझ्यापुढे धरला. “तुला दिसलं ना? मग तूच बदल.”

श्वास रोखून मी ती दोन तिकिटं बदलली. रेघ सुळकन पुढे गेली.

“जुळली हो,” मी म्हटलं. “आता सतराव्यापाशी तेवढी तुटते.”

“ती तुटणारच.” ह्यांनी डोळे पुसले. “तू रोज सांगत होतीस, एकेक बघा म्हणून. मीच उशीर केला गं.”

भांडणात हे पहिल्यांदाच हरले होते. मला रडू आलं.

आठ दिवसांत तिकिटं परत करायचं वचन होतं. त्याआधी मी काचेवर पातळ कागद ठेवून सगळं उतरवून घेतलं आणि मग एकवीसच्या एकवीस पाकिटं रवाना केली. सोबत चुकीची माफी मागणारी दोन पत्रंही गेली. हे सांगत होते, अध्यक्ष लिहीत होते. बाराव्या घरवाल्यांचं उत्तर आलं, “आम्ही आता अकराव्यात राहायला आलो आहोत. शेजार तोच आहे, काळजी नसावी.” हे कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

मी मात्र दुपारी खिडकीशी बसून शिवत होते. उतरवलेला ताव कापडावर चौपट मोठा केला, घरांना साधा धावदोरा घातला आणि तड्याला जाड दोऱ्याचा साखळी टाका. महिना लागला.

एका सकाळी ते कापड ह्यांच्या मांडीवर पसरलं आणि त्यांचं बोट धरून पहिल्या घरावर ठेवलं.

“हे काय?” म्हणाले, तोवर बोट आपोआप चालायला लागलं. “पहिलं… आठवं… इथे वरचा फाटा, दहा, अकरा, बारा…” अकराबारावरून दोनदा गेलं, मागे आलं, खाली उतरलं. “सोळा…” पुढे दोराच नव्हता. तिथे मी एकही टाका घातला नव्हता.

“सतरा,” हे म्हणाले. त्या कोऱ्या कापडावर बोट टेकवून ठेवलं.

मग विचारलं, “आज पोस्टमन येऊन गेला का गं?”