दुसऱ्यांदा कापलेली दोरी

तिलेकनं नवरी घरी आणली ते वर्ष दोन हजार तेरा. त्याच शरदात मिरगुलला पाच वर्षं पुरी झाली. तिलेक हा झूराचा धाकटा दीर आणि मिरगुल झूराची एकुलती एक मुलगी.

मिरगुल चवड्यावर चालायची. लोकर दाबून केलेल्या नमद्यावर तर टाच टेकवायचीच नाही. लोकरीचा मोजा चढवला की फाडून काढायची. चारजणी एकदम बोलायला लागल्या की कानांवर हात दाबून कोपऱ्यात डोकं घालायची.

नव्या सुनेची आई पहिल्यांदा चहाला आली तेव्हा तिनं हे बघितलं.

"अगंबाई, पायाखाली निखारे आहेत की काय हिच्या? की नाचणारीण करताय?"

सगळ्याजणी हसल्या. झूराचा चेहरा तापला. त्या भरात तिनं विहीणबाईंचा वाडगा काठोकाठ भरला. असा भरलेला वाडगा पुढं करणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. सासूनं, बातमा-एनेनं, तो पटकन आपल्याकडे ओढला. "मला घसा भिजवायला जास्त लागतो," म्हणाली, आणि विहीणबाईंना दुसरा अर्धा भरून दिला.

पाहुणे गेल्यावर झूरा म्हणाली, "एने, हिची दोरी नीट कापलीच गेली नाही. म्हणून पाय टेकत नाही. परत कापू या."

पोर चालायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, मुलांनी शर्यत लावायची, पहिला येईल त्यानं सुरीनं ती कापायची. मिरगुलच्या वेळी तिनं असा आकांत केला होता की बातमा-एनेनं दोरी नुसतीच ओढून काढली होती. "कापली समजा," म्हणाली होती.

"पाच वर्षांच्या घोडीला दोरी? लोक हसतील गं."

"लोक आत्ताच हसताहेत, एने."

"तिचे पाय बांधलेले नाहीत, पोरी. नमदा टोचतो तिला. न्हाणीतल्या फळीवर बघ, कशी टाच टेकते ती."

झूराला हे माहीत होतं. वसंतात ती मुलीला घेऊन गुपचूप शहरात डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. बाई म्हणाल्या होत्या, "तुम्हाला टोचतं, ते हिला भाजतं. आवाजाचंही तेच. जबरदस्ती करू नका. काय होणार ते आधी सांगा, शांत जागा द्या." सगळं कागदावर लिहूनही दिलं होतं. झूरानं तो कागद पेटीच्या तळाशी घातला, आणि नवऱ्याला, एसेनला, सांगितलं की दवाखाना बंद होता. आपल्या पोटी असं पोर आलं, हे कागदावर असलेलं तिला नको होतं.

शेवटी म्हातारी तयार झाली. "करायचंच तर दोरी मी वळीन," एवढंच म्हणाली. तीन दिवस बसून तिनं दोरी वळली. झूरानं ती हातात घेतली तर लोकर नव्हतीच. जुन्या, धुऊन मऊ पडलेल्या दोन रुमालांच्या पट्ट्या होत्या, एक काळी, एक पांढरी.

चिंध्यांची दोरी! विहीणबाई म्हणतील, यांच्याकडे मेंढ्या संपल्या वाटतं. झूरानं ती अंगरख्याच्या खिशात कोंबली आणि शेजारणीकडून लोकरीची आणली.

रविवारी अंगणात वीसेक माणसं जमली. दोरी पायाला लागताच मिरगुलनं किंकाळी फोडली. नखांनी घोटे ओरबाडू लागली. झूरानं तिचे खांदे गच्च धरले.

"उभी राहा! सगळे बघताहेत. उभी राहा म्हणते ना!"

समोरून मुलं ओरडत धावत आली. सर्वांत पुढं विहीणबाईंची नात. तिनं सुरी दोरीला लावली, मिरगुलनं पाय झटकला, आणि बातमा-एनेनं मध्ये हात घातला.

दोरी तुटली. म्हातारीच्या तळहातातून रक्त अंगणात अंथरलेल्या नमद्यावर टपकू लागलं.

"मीच कडमडले मध्ये," ती हसत म्हणाली. "डोळे गेले माझे. अरे, बघत काय बसलात? कापली ना दोरी? वाटा ते तळलेले बोरसोक!"

हात फडक्यात गुंडाळून ती मिरगुलला पिठाच्या कोठीत घेऊन गेली. तिथं अंधार होता. तिनं रिकामी सुती पोती मुलीच्या अंगावर एकावर एक घातली आणि गप्प बसून राहिली. हळूहळू हुंदके थांबले. झूरा दारात उभी होती. मुलीच्या घोट्यांवर लाल वळ उठले होते.

"माझी दोरी कुठं गेली?" बातमा-एनेनं विचारलं.

झूराचा हात खिशात होता. दोरी मुठीत होती.

"सापडली नाही, एने."

"बरं."

तेवढंच. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

आठवड्याभरानं झूरानं पेटीतला कागद काढून घरात वाचून दाखवला. दवाखाना उघडा होता, हेही सांगितलं. म्हातारीनं मिरगुलच्या कोपऱ्यातल्या नमद्यावर पिठाच्या पोत्यांचं कापड शिवून घातलं. पाहुणे यायचे असले की झूरा मुलीला आदल्या दिवशीच सांगायला लागली, कोण येणार, किती वेळ बसणार. मुलगी कधी टाच टेकवायची, कधी नाही. झूरा तिला टोकायची थांबली. दोरीचं मात्र तिनं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिली. म्हातारी भाकरी तोडायची तेव्हा तळहातावरचा वण दिसायचा, आणि झूरा नजर फिरवायची.

पुढं म्हातारीला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायकांत झूराही होती. उजवा हात तिच्या वाट्याला आला. तिनं बोटं उलगडली, वणावरून पाणी सोडलं, हात पुसला. बाहेर बायकांचा आक्रोश चालू होता. मिरगुल कोठीत पोत्यांखाली होती. तिला सगळं आधी सांगून ठेवलं होतं. चिंध्यांची दोरी अजून झूराच्या खिशातच होती. बाकीच्या बायका ऐकत होत्या, म्हणून ती तेव्हाही बोलली नाही.

बातमा-एने दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये, नऊ तारखेला सकाळी वारली.